अमेरिकेचे न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्याशी आरोपीच्या वकिलाचं नेमकं कुठे जुळतं?

ॲरिझोनातल्या एका फ्लॅटमध्ये गोळी सुटली आणि फरशीतून आरपार जाऊन खालच्या मजल्यावरच्या माणसाला लागली. गोळी झाडणारा आणि शस्त्रं शोधायला पोलीस वरच्या घरात शिरले. शस्त्रं सापडली. निकड होती, त्यामुळे इथवर वॉरंट नसल्याचं कोणाला वावगं वाटलं नाही. पण एका पोलिसाला त्या कळकट घरात भारी किमतीचा स्टिरिओ खटकला. त्याने टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारा भाग) थोडं सरकवलं, सीरियल नंबर टिपून घेतला आणि फोनवरून चौकशी केली. माल दरोड्यातला निघाला.

१९८७ साली हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलं: ॲरिझोना विरुद्ध हिक्स. टर्नटेबल चार बोटं सरकवणं ही झडती होते का? सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, होते. नुसता संशय पुरेसा नाही, सबळ कारण लागतं. झडती ती झडतीच, तिच्यातून टर्नटेबलच्या बुडाखेरीज काहीही दिसलं नसलं तरी, असं वाक्य त्या निकालपत्रात आहे. ते लिहिलं अँटोनिन स्कॅलिया यांनी. न्यायालयात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या बाजूने ब्रेनन आणि मार्शल हे दोन ठाम उदारमतवादी न्यायमूर्ती होते, आणि विरोधात रेनक्विस्ट, पॉवेल व ओ'कॉनर.

स्कॅलिया म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला आठवतो तो समलिंगी विवाहाला, गर्भपाताच्या हक्काला कडाडून विरोध करणारा न्यायमूर्ती. ते खोटं नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली त्यांची नेमणूक केली, सिनेटने ती ९८ विरुद्ध ० मतांनी मंजूर केली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते पदावर होते. या तीस वर्षांतली त्यांची बरीच मतं मला पटत नाहीत. समलिंगी संबंधांबद्दलचा लॉरेन्स (२००३) आणि समलिंगी विवाहाबद्दलचा ओबर्गफेल (२०१५) या खटल्यांतली त्यांची भिन्नमतं, म्हणजे बहुमताच्या निकालाविरुद्ध लिहिलेली मतं, तर मुळीच नाहीत. तरीही आरोपीचे वकीलपत्र घेणाऱ्या कोणालाही त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. फौजदारी प्रक्रियेत त्यांनी आरोपीच्या हातात जी हत्यारं दिली, ती त्यांच्या काळातल्या कित्येक उदारमतवादी न्यायमूर्तींनीही दिली नाहीत.

याचं कारण त्यांच्या पद्धतीत आहे. घटनेतले शब्द मंजूर झाले तेव्हा लोकांना ते ज्या अर्थाने कळत होते, तोच अर्थ न्यायाधीशाने धरायचा, हा त्यांचा आग्रह. अमेरिकन घटनेची चौथी आणि सहावी दुरुस्ती १७९१ची आहे आणि तिथली भाषा ठोस आहे: व्यक्ती, घरं, कागदपत्रं, चीजवस्तू, आपल्याविरुद्धच्या साक्षीदारांना समोरासमोर आणलं जाण्याचा हक्क. असा मजकूर अक्षरशः धरला की सरकारची पंचाईत होते, कारण सोयीसाठी अपवाद काढायला जागा राहत नाही. पण १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीतली 'समान संरक्षण' किंवा 'उचित प्रक्रिया' ही मोघम भाषा तेव्हाच्या समजुतीत बांधली, की स्त्रियांना आणि समलिंगी व्यक्तींना फारसं काही मिळत नाही. पद्धत तीच; मजकूर बदलला की निष्पन्न बदलतं. म्हणून 'स्कॅलिया आतून उदार होते' हा निष्कर्ष चुकीचा, आणि 'त्यांच्यात आपल्या कामाचं काही नाही' हाही चुकीचा.

सगळ्यात टणक जमीन आहे क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टन, मार्च २००४. नवऱ्यावर चाकूहल्ल्याचा आरोप. बायकोने पोलिसांना दिलेला जबाब टेपवर होता. पती-पत्नीमधल्या विशेषाधिकारामुळे ती पिंजऱ्यात आली नाही. सरकारी पक्षाने टेप ज्यूरीला ऐकवली. तेव्हाचा नियम १९८०च्या ओहायो विरुद्ध रॉबर्ट्सचा: साक्षीदार उपलब्ध नसेल आणि जबाब 'विश्वासार्ह' वाटत असेल तर उलटतपासणीशिवाय चालेल. विश्वासार्हता ठरवायची न्यायाधीशाने. आता यातली गंमत नव्हे, गोची पाहा. तोच जबाब एका न्यायालयाला सविस्तर म्हणून विश्वासार्ह वाटे, दुसऱ्याला त्रोटक म्हणून. साक्षीदार कोठडीत होता हे कोणी बाजूने धरी, कोणी विरुद्ध. स्कॅलिया यांनी अशी परस्परविरोधी उदाहरणं निकालपत्रात एकापुढे एक मांडली आहेत. मग ते मागे गेले, थेट १६०३ सालच्या, इंग्लंडमधल्या सर वॉल्टर रॅली यांच्या राजद्रोहाच्या खटल्यापर्यंत. कटातला कथित साथीदार कॉबहॅम याचा जबाब आणि पत्र वाचून दाखवलं गेलं. त्याला माझ्यासमोर उभा करा, असं रॅली सांगत राहिले, तो कधी आणला गेला नाही, आणि रॅलींना मृत्युदंडाची शिक्षा झाली. सहावी दुरुस्ती लिहिणाऱ्यांना नेमकी हीच रीत बंद करायची होती, हा स्कॅलिया यांचा युक्तिवाद. जबाब उघडच विश्वासार्ह आहे म्हणून उलटतपासणी वगळणं म्हणजे आरोपी उघडच दोषी आहे म्हणून ज्यूरी वगळणं, हे त्यांचं म्हणणं आजही कोर्टात उद्धृत होतं. निष्कर्षावर नऊही न्यायमूर्ती एक झाले, निकालपत्रावर सात.

नवा नियम असा: विधान 'साक्षीच्या स्वरूपाचं' असेल, तर साक्षीदार खरोखर अनुपलब्ध असल्याशिवाय आणि आरोपीला पूर्वी उलटतपासणीची संधी मिळाली असल्याशिवाय ते पुराव्यात येणार नाही. दोन वर्षांनी डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टनमध्ये त्यांनीच कसोटी अधिक स्पष्ट केली. चालू संकटात मदत मागणारा ९११ या तातडीच्या क्रमांकावरचा फोन साक्ष नव्हे. संकट टळल्यावर घडलेलं शोधून काढण्यासाठी पोलिसांनी घेतलेला जबाब साक्ष होय.

हा हक्क अमेरिकन कोर्टात प्रत्यक्षात कसा हातचा जातो, हे ठाऊक असलेलं बरं. वकील उठून नुसतं 'ऐकीव पुरावा' अशी हरकत घेतो आणि सहाव्या दुरुस्तीचं नाव घेत नाही. अपिलात मग घटनात्मक मुद्दा खालच्या कोर्टात मांडला नव्हता असं धरलं जातं आणि फार कडक निकषावर तपासला जातो. दुसरी खोच मुदतीची. अनेक राज्यांत सरकारी पक्ष नोटीस देतो की आम्ही फक्त प्रयोगशाळेचा अहवाल दाखल करणार. बचाव पक्षाने ठरलेल्या दिवसांत 'विश्लेषकाला बोलवा' अशी मागणी केली नाही तर हक्क सोडून दिला असं मानतात. स्कॅलिया यांनीही ही साधी व्यवस्था घटनाबाह्य ठरवली नाही. तिसरं, हक्काचा भंग सिद्ध झाला तरी बाकीचा पुरावा इतका भक्कम होता की फरक पडला नसता, असं सरकारने वाजवी संशयापलीकडे दाखवलं तर शिक्षा कायम राहते. म्हणून गाळायला सांगितलेलं विधान खटल्यात नेमकं कोणतं वजन पेलत होतं, हे रेकॉर्डवर तिथल्या तिथे यायला हवं.

या नियमाची किंमतही आहे आणि ती बहुतेक करून घरगुती हिंसाचाराच्या पीडितांनी मोजली. मार खाणारी स्त्री पुढे साक्षीला येत नाही, हे रोजचंच. २००८च्या जाईल्स विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात आरोपीने पूर्वीच्या मैत्रिणीचा खून केला होता आणि तिने आधी पोलिसांना दिलेला जबाब पुराव्यात आला होता. साक्ष देऊ नये या हेतूनेच तिला मारलं असेल तर आणि तरच आरोपीचा हक्क जातो, असं स्कॅलिया यांनी लिहिलं. ब्रायर, स्टीव्हन्स आणि केनेडी यांचं भिन्नमत मला इथे जास्त माणसांच्या जगातलं वाटतं. स्कॅलिया यांच्याशी जुळवून घ्यायचं तर हा खटला वाचायचा नाही असं चालणार नाही.

मेलेंडेझ-डियाझ विरुद्ध मॅसॅच्युसेट्स (२००९) मात्र निःशंकपणे मोलाचा. पुड्यांमधला पदार्थ कोकेन आहे अशी प्रयोगशाळेची प्रमाणपत्रं दाखल झाली. तपासणारा कोणीच आला नाही. पाच विरुद्ध चार मतांनी स्कॅलिया यांनी लिहिलं की प्रमाणपत्र ही शपथेवरची साक्षच आहे, तेव्हा ते करणाऱ्याला पिंजऱ्यात आणा. त्यांच्यासोबत स्टीव्हन्स, सूटर, थॉमस आणि गिन्सबर्ग. विरोधात केनेडी, रॉबर्ट्स, अलिटो आणि उदारमतवादी ब्रायर. विज्ञान तटस्थ असतं, विश्लेषकाला काय विचारणार, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. स्कॅलिया यांचं उत्तर व्यवहारी होतं: विश्लेषक अप्रामाणिक असू शकतो, त्याहून जास्त वेळा तो अपुऱ्या प्रशिक्षणाचा असू शकतो, आणि दोन्ही गोष्टी उलटतपासणीतच उघड्या पडतात. तीनच वर्षांनी, २०१२ साली, त्याच राज्यातल्या सरकारी प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ नमुने न तपासताच निष्कर्ष लिहीत होती हे बाहेर आलं. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अमली पदार्थांचे २१ हजारांहून अधिक खटले एकाच वेळी रद्दबातल केले.

झडतीबाबतचे त्यांचे तीन निकाल एकत्र वाचावेत. कायलो (२००१): ओरेगनमध्ये पहाटे सव्वातीनच्या सुमारास रस्त्यावरच्या गाडीतून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घर पाहिलं, गॅरेजचं छप्पर जास्त तापलेलं दिसलं, त्यावरून वॉरंट, आणि आत प्रखर दिव्यांखाली वाढवलेली गांजाची शंभरावर रोपं. जोन्स (२०१२): जीपच्या खाली जीपीएस लावून २८ दिवस पाळत, वॉरंट होतं, पण यंत्र त्याची मुदत संपल्यावर आणि हद्दीबाहेर लावलं. जार्डिन्स (२०१३): घराच्या ओसरीवर हुंगणारा पोलिसी कुत्रा. तिन्ही ठिकाणी स्कॅलिया यांनी ही झडतीच असल्याचं ठरवलं. कायलोमधला कच्चा दुवा तेवढा ध्यानात ठेवायचा. जे तंत्र 'सर्वसामान्यांच्या वापरात नाही' त्याच्यापुरतं संरक्षण, असं त्यांनी लिहिलं. आज फोनला जोडायचा उष्णता-कॅमेरा कोणीही विकत घेऊ शकतं, त्यामुळे त्या चार शब्दांवर विसंबणारा युक्तिवाद दरवर्षी पातळ होत जाणार. जोन्समध्येही त्यांनी यंत्र चिकटवणं हा मालमत्तेवरचा अतिक्रम म्हणून प्रश्न सोडवला; काहीच न चिकटवता मोबाइल कंपनीकडून ठिकाण मिळवलं तर काय, याचं उत्तर त्या मांडणीत मिळत नाही.

पण त्यांचं सर्वात चांगलं फौजदारी लेखन भिन्नमतात आहे, मेरिलँड विरुद्ध किंग, २०१३. हल्ल्याच्या गुन्ह्यात अटक झालेल्या माणसाच्या गालातून डीएनए नमुना घेतला आणि तो २००३च्या एका बलात्काराशी जुळला. बहुमताने म्हटलं, हा ओळख पटवण्याचा भाग, बोटांच्या ठशांसारखा. स्कॅलिया यांनी तत्त्वचर्चा बाजूला ठेवून तारखा मांडल्या. अटक एप्रिलमध्ये. नमुना आठवडेच्या आठवडे पडून. चाचणीला रवाना जूनअखेर. जुळणी ऑगस्टमध्ये. माणूस कोण हे पोलिसांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. चार महिन्यांनी ओळख पटली ती त्याची नव्हे, जुन्या गुन्ह्यातल्या बेवारस नमुन्याची. म्हणजे संशयाशिवाय गुन्ह्याचा शोध, आणि चौथी दुरुस्ती आहे ती नेमकी तो रोखण्यासाठी. हे भिन्नमत त्यांनी न्यायासनावरून वाचून दाखवलं. सह्या होत्या गिन्सबर्ग, सोटोमायोर आणि केगन यांच्या. सरकारच्या सोयीच्या शब्दाला तारखांच्या तक्त्याने कसं उघडं पाडायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आपल्याकडे २०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यावर लिहिणाऱ्यांनी तर तो वाचायलाच हवा.

शिक्षेच्या बाबतीत ब्लेकली (२००४) आणि जॉन्सन (२०१५) ही दोन नावं पुरेत. ब्लेकलीत ठरलेली मर्यादा होती ५३ महिने; न्यायाधीशाने स्वतःच 'हेतुपुरस्सर क्रौर्य' असा निष्कर्ष काढून ९० महिने दिले. शिक्षा वाढवणारी वस्तुस्थिती ज्यूरीने ठरवायची, असं स्कॅलिया यांनी बजावलं. जॉन्सनमध्ये किमान १५ वर्षांची कैद लावणाऱ्या कायद्यातलं एक मोघम कलम त्यांनी रद्द ठरवलं. २००७पासून ते सहकाऱ्यांना सांगत होते की या कलमाचा अर्थ लावता येत नाही. आठ वर्षांनी बहुमत त्यांच्याकडे आलं. योगायोगाने त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ मोघमपणाच्याही कारणाने रद्द केलं होतं. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेली अटक त्या याचिकेच्या मुळाशी होती.

दुसऱ्या ताटातलंही वाढून घ्यायला हवं. रहदारीचा किरकोळ नियम मोडला म्हणून गाडी थांबवायची आणि खरा उद्देश अमली पदार्थांचा तपास, हे चालेल, असं सांगणारा व्रेन (१९९६) स्कॅलिया यांचाच. कृष्णवर्णीय चालकांना त्याची झळ आजही बसते. दार न ठोठावता घुसले तरी मिळालेला पुरावा वगळू नये, हे हडसन विरुद्ध मिशिगन (२००६) मध्येही त्यांनीच लिहिलं. हक्काची व्याख्या उदार आणि तो मोडल्यावरचा उपाय कृपण, असा हा नमुना आहे. हिक्स वाचून खूश झालेल्याने हडसन लगेच वाचावा.

त्यांचा एखादा निकाल हाती घेतला की आधी कोण कोणाबरोबर होतं ते पाहावं. पाच-चारची फळी नेहमीसारखी नसेल तर तिथे पद्धतीने काही काम केलेलं असतं. मग ज्या घटनात्मक शब्दांवर सगळं उभं आहे ते मूळ दुरुस्तीत काढून वाचावेत. सारांशावर थांबू नये, कारण जोन्ससारख्या खटल्यात अलिटो आणि सोटोमायोर यांच्या, वेगळी कारणं देणाऱ्या सहमतीच्या मतांमध्येच पुढच्या दशकाचा कायदा आहे. आणि त्या निकालाचं पुढे काय झालं ते शोधावं. मेलेंडेझ-डियाझनंतर प्रयोगशाळांनी खुद्द विश्लेषकाऐवजी दुसराच तज्ज्ञ पाठवायला सुरुवात केली. २०११च्या बुलकमिंगमध्ये गिन्सबर्ग यांनी ते रोखलं. मूळ विश्लेषक बिनपगारी रजेवर होता आणि त्याचं कारण आरोपीला कधी कळलं नाही. २०२४च्या स्मिथ विरुद्ध ॲरिझोनामध्ये केगन यांनी आणखी एक पळवाट बुजवली: गैरहजर विश्लेषकाच्या नोंदी खऱ्या धरूनच तज्ज्ञ मत देत असेल, तर त्या नोंदीही क्रॉफर्डच्या कसोटीवर तपासायच्या. स्कॅलिया यांचा हा वारसा आज पुढे नेणाऱ्यांत उदारमतवादी न्यायमूर्ती आघाडीवर आहेत.

आता महाराष्ट्राचा धागा. २००३ साली महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष मुंबईतल्या कोर्टाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घ्यावी का, हा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने नाकारलं, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. (डॉ. देसाई पुढे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले.) परवानगी देताना आधार म्हणून मेरिलँड विरुद्ध क्रेग या १९९० सालच्या अमेरिकन निकालाचा उल्लेख झाला. क्रेगमध्ये प्रश्न होता बालसाक्षीदाराचा, एकतर्फी क्लोज्ड सर्किट टीव्हीचा, आणि आरोपीसमोर त्या मुलाला बोलताच येणार नाही असा खास निष्कर्ष काढल्यावरच ती मुभा होती. त्याला जळजळीत भिन्नमत स्कॅलिया यांचं, ब्रेनन, मार्शल आणि स्टीव्हन्स यांच्या सहीने. २००२ साली दुतर्फी व्हिडिओची तरतूद नियमांत आणायचा प्रस्ताव आला, तेव्हाही आभासी समोरासमोर आभासी हक्कांना पुरेल, खऱ्यांना नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. भारताने क्रेगचं बहुमत घेतलं, भिन्नमत घेतलं नाही. अंतरांचा आणि तुंबलेल्या खटल्यांचा विचार करता ते मी समजू शकतो. पण क्रेगमधली अट अरुंद होती, हे युक्तिवादात सांगायला हरकत नाही.

सीए रिपोर्टचं, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या (केमिकल ॲनालायझर) अहवालाचं, तर फारच जवळचं. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३प्रमाणे, आणि १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९प्रमाणे, सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल विश्लेषकाला न बोलावताच पुराव्यात वाचता येतो. मेलेंडेझ-डियाझने अमेरिकेत जे बंद केलं तीच आपली नेहमीची रीत. पण उपकलम २ खाली कोर्ट विश्लेषकाला बोलावू शकतं. ते कोर्टाच्या मर्जीवर आहे, म्हणून अर्ज मोघम असून चालत नाही. मुद्देमाल जप्त झाल्याची तारीख, प्रयोगशाळेत पोचल्याची तारीख, मधल्या काळात तो कोणाच्या ताब्यात होता, पंचनाम्यातलं सीलचं वर्णन आणि अहवालातलं वर्णन जुळतं का, वजनात फरक किती, कोणती चाचणी केली ते अहवालात लिहिलंय का: यातलं जे बसत नसेल तेवढंच मुद्देसूद मांडावं, किंग खटल्यातल्या तारखांसारखं. आणि उपकलम ३ विसरू नये. बोलावलेला तज्ज्ञ येऊ शकत नसेल तर तो प्रकरणाची माहिती असलेल्या सहकारी अधिकाऱ्याला पाठवू शकतो, फक्त कोर्टाने जातीने हजर राहण्याचा स्पष्ट आदेश दिला असेल तर नाही. बुलकमिंग आणि स्मिथमधला बदली विश्लेषक तो हाच. तेव्हा अर्जाच्या विनंतीत 'स्वतः हजर राहण्याचा आदेश व्हावा' हे शब्द वेगळे लिहून मागावेत. नुसतं 'विश्लेषकास पाचारण करावे' एवढंच लिहिलं तर दुसराच कोणीतरी पिंजऱ्यात उभा राहील आणि अहवाल वाचून दाखवील.